आबांच्या पायाची पट्टी

ओझर
२४ ऑगस्ट

सायली,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. तरी उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. आता शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरवरून लागत नाही. रवीच्या फोनवरून एकदा रिंग गेली, दुसऱ्या वेळेपासून तोही बंद. माझ्यावर राग असेल ते समजू शकते, पण बिचाऱ्या माझ्या नवऱ्याने तुझं काय घोडं मारलंय? असो. फोन तुझा आहे. पत्ता मात्र तुला लपवता आला नाही. पेपरात फोटो आला होता तुझा, पांढऱ्या कोटातला. 'ओझरच्या लेकीचं संशोधन, वनस्पतींच्या जेलने भरणार जखमा.' खाली तुझ्या बंगळूरच्या संस्थेचं नाव. शेजारच्या भागीबाईने तो पेपर आणून माझ्या पुढ्यात टाकला आणि वर मलाच म्हणते, "तुझीच बहीण ना गं ही? मग जगाला औषध देती अन् बापाला का देत नाय?"

म्हणून लिहायला बसले.

आबांच्या पायाला जखम झाली आहे. उन्हाळ्यात द्राक्षबागेतल्या मांडवाच्या तारेचा तुकडा चपलेतून तळव्यात घुसला. शुगरमुळे त्यांच्या पायाला काही कळतच नाही. दिवसभर तसेच हिंडले आणि संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा रक्त दिसलं. मलम झालं, इंजेक्शनं झाली, नाशिकला द्वारका चौकाजवळच्या मोठ्या डॉक्टरांकडे खेटे झाले. जखम बुजायचं नाव घेत नाही, उलट आत आत चालली आहे. डॉक्टर म्हणतात, बघू.

पेपरात लिहिलंय की तुझं जेल थंड, ओलसर चकतीसारखं असतं. जखमेवर ठेवलं की ती सुकत नाही आणि आतून नवीन मांस भरत येतं. त्यात कोरफड आहे आणि दगडी पाला आहे. दगडी पाला वाचून मला हसूच आलं गं. कलम बांधताना आबांच्या बोटाला चाकू लागला की आई बांधावरचा तोच पाला चुरगाळून लावायची. आपण त्याला तण म्हणून उपटायचो आणि तू तो थेट प्रयोगशाळेत नेलास!

ते जेल पाठव. एवढंच मागणं आहे.

आईचा पाय कापायच्या कागदावर तू सही केलीस आणि चार दिवसांत आई गेली, यावर मला आज बोलायचं नाही. दहाव्याला रामकुंडावर आबा तुला चारचौघांत काय बोलले आणि मी शेजारी उभी राहून काय बोलले नाही, यावरही नाही. त्यावर भांडायला अख्खा जन्म पडलाय. आबांचा पाय तेवढा थांबणार नाही.

मनीषा


ओझर
३ सप्टेंबर

सायली,

मी दोन पानं लिहिली आणि तुझ्या उत्तरात दोन ओळी! 'एखादं बोट काळं पडलंय का? जखमेचा फोटो पाठव, बोटांसकट.' ना ताई, ना कशी आहेस. अगं, डॉक्टरसुद्धा आधी बसा म्हणतात.

तर नाही. बोट काळं नाही. फोटो सोबत आहे. तू फोन नंबर दिला नाहीस, म्हणून स्टुडिओतून छापून घेतला. तो पोरगा म्हणाला, काकू, असला फोटो कोण छापतं? मी म्हटलं, तू छाप, उगाच चौकशा करू नकोस. तळव्याची जखम नीट दिसते आहे बघ, लालसर, स्वच्छ. वरच्या बाजूला कापड आलंय ते आबांच्या पंच्याचं टोक आहे. त्यांनी बाजूला करू दिलं नाही.

त्यांचा स्वभाव तू विसरली नसशील. कलमाचा हंगाम चालू झालाय आणि हे खाटेवर. कलमं बांधणारी त्यांची टोळी पिंपळगावकडे गेली, यांना सोडून. सकाळपासून कुणाकुणाला फोन लावतात, "चाकूला धार हाय का? पट्टी घट्ट वढली का? उघडून बघितली तर तंगडं मोडीन!" ज्याचं तंगडं खाटेवर पडलंय तो दुसऱ्याचं मोडायला निघालाय. मी एकदा असं म्हटलं तर तांब्या फेकून मारला. नेम चुकला.

त्यांच्या टोळीचा नियम आठवतो ना? खुंटात चांगल्या वेलाची काडी बसवून पट्टी बांधली की पालवी फुटेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. आणि ज्याची पट्टी त्यानेच सोडायची, दुसऱ्याने नाही. म्हणजे कलम फुटलं तरी त्याचं आणि वाळलं तरी त्याचं. तू लहान असताना रोज एक पट्टी हळूच सोडून आत काय चाललंय ते बघायचीस. अर्धी ओळ वाळवली होतीस बाई! मला वाटलं, आता ही मार खाणार. आबा एवढंच म्हणाले, "हिला शाळंत घाला. हिला धीर नाय, पण डोळं हायेत."

हे मी का लिहिते आहे? तुझं मन पाघळावं म्हणून. सरळ सांगते.

सायली, त्यांना दवाखान्यात राहायचं नाही. डॉक्टरांनी नुसता चाकूचा विषय काढला की उठून चालायला लागतात, लंगडत. परवा मला म्हणाले, "तुझी माय अपुऱ्या अंगानं गेली. कावळा शिवला नाय तिला. मी अख्खा जाणार." रामकुंडावर त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना आणि आबा तुझ्याकडे बोट दाखवून ओरडले, "कसा शिवंल? तिचा पाय ही तिकडं दवाखान्यात टाकून आली!" त्यांच्या डोक्यातून ते गेलेलंच नाही. कापण्यापेक्षाही तो पाय तिथेच सोडून आलीस, हे जास्त लागलंय त्यांना.

मला कापाकापी नको आहे. मला तुझं जेल हवं आहे. बोट काळं नाही म्हटलं ना, मग पाठव. हात जोडते.

ताई


ओझर
१० सप्टेंबर

सायली,

पार्सल आलं. सोन्याची आहेस तू! चिठ्ठी नव्हती, नुसता सूचनांचा छापील कागद होता. ठीक आहे, कागद तर कागद. जेल आलं ना.

केवढं सुंदर दिसतं गं ते. शहाळ्याच्या मलईसारखं, जरासं हिरवट. हातात घेतलं तर थंडगार. मी कागद वाचून सगळं तसंच केलं. सलाईनच्या पाण्याने जखम धुतली, पुसली, चकती ठेवली, वरून पट्टी बांधली. भागीबाई दारात उभी राहून बडबडत होती की ओली जखम सडते, तिला ऊन दाखवा, हळद भरा. मी म्हटलं, मावशी, तुम्ही घरी जा.

आबांना मी सांगितलं नव्हतं कुणाचं आहे ते. चकती बघून म्हणाले, "दे इकडं." हातावर घेतली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून बसले. मग विचारलं, "कुनी दिलं?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टर हुशार हाय," म्हणाले आणि पाय पुढे केला. आपण होऊन! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी हातातलं काम टाकून आत जाऊन रडले, उगाच कशाला लपवू.

दोन दिवसांनी कागदात लिहिल्याप्रमाणे उघडलं. सायली, कडेने गुलाबी दिसत होतं. खरंच सांगते, माझ्या मनाचे खेळ नाहीत, रवीलाही दिसलं. तो सातपूरहून रात्रपाळी करून आला होता, डोळे चोळत म्हणाला, "अरे, भरतंय की!" नवीन चकती ठेवली, बांधली. आबा म्हणाले, "बास. आता हिला कुनी हात लावायचा नाय. सारखं उघडून बघितल्यावर कलम धरतं का?"

मी म्हटलं, कागदात लिहिलंय, दर दोन दिवसांनी बदला. ते म्हणाले, "कागद कुनी लिवला? त्याला म्हणा, इथं येऊन बदल."

मग मीही फार हट्ट केला नाही. वेदना नाहीत, जेवण चांगलं आहे, पहिल्यासारखे खेकसतात. त्यांना त्यातलं कळतं असं मला वाटलं. जन्मभर त्यांनी चिरलेलं सांधलंच आहे.

तुझ्या कागदावर खाली लाल अक्षरात आणखी काही लिहिलंय. ते मी नंतर नीट वाचीन.

तुझी ताई


ओझर
१७ सप्टेंबर

सायली,

वास येतोय.

कालपासून येतोय. आधी मला वाटलं, खाटेखाली उंदीर मेला असेल. सगळं घर झाडून काढलं. मग पांघरूण उचललं आणि कळलं.

पट्टी सोडू देत नाहीत. मी हात लावला तर काठी उगारली. रवीने धरायला बघितलं तर त्याच्या मनगटाला चावले. बाप आहे गं आपला, चावला! अंग तापलंय, डोळे लाल आहेत आणि तोंडाने एकच, "फुटू दे. पालवी फुटू दे. त्याच्या आधी नाय."

आता ऐक. माझ्याकडे वेळ नाही, म्हणून सगळं एकदम सांगते. बोट काळं होतं. तू विचारलंस तेव्हाही होतं. करंगळीच्या शेजारचं. फोटोत ते कापड आबांनी ठेवलेलं नव्हतं, मी ठेवलं होतं. मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "हे एक बोट आत्ता काढा, पाय राहील." मी तुला लिहिलं, डॉक्टर म्हणतात बघू. बघू असं आम्ही म्हणालो होतो, ते नाही.

मला भीती वाटली की तू खरं कळल्यावर पाठवणारच नाहीस. तू म्हणाली असतीस, आधी कापा. आणि तेवढंच तर मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, तुझ्या तर नाहीच नाही.

तुझ्या कागदावरची लाल अक्षरं आज वाचली. 'काळा, मेलेला भाग काढल्याशिवाय वापरू नये. हे जेल जिवंत मांसाला वाढायला मदत करते. मेलेल्याला जिवंत करत नाही.' पेपरवाल्यांनी हे का नाही छापलं? नवीन मांस भरतं, एवढंच मी वाचलं आणि मला वाटलं, बोटही भरून येईल. हसू नकोस. आबासुद्धा वाळक्या खुंटावर काडी बसवत नाहीत, आधी हिरवं लागेपर्यंत छाटतात. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. बघून काय उपयोग झाला?

तुझ्या संस्थेच्या नंबरवर फोन केला. कोणीतरी इंग्रजीत बोललं, मॅडम परिषदेला परदेशी गेल्या आहेत, निरोप ठेवतो. मी म्हटलं, सांगा, बाप मरतोय. त्याने स्पेलिंग विचारलं माझ्या नावाचं.

हे पत्र तुझ्या टेबलावर किती दिवस पडून राहील देव जाणे. पण दुसरं काय करू? आबा कुणाचंच ऐकत नाहीत. ऐकलं असतं तर एका माणसाचं ऐकलं असतं, आणि तिचं नाव या घरात घ्यायला बंदी आहे. सायली, फोन उघड. एकदा त्यांना ओरड, मला ओरड, काहीही कर. मी एकटी पडले आहे गं.

ताई


नाशिक, दवाखाना
१९ सप्टेंबर

सायली,

हे तुला पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, कारण आत जाता येत नाही आणि हात रिकामे ठेववत नाहीत. रवीने खाली जाऊन वही आणून दिली.

सकाळी आबा बरळायला लागले. मला आई समजून बोलत होते, चाकू कुठे ठेवलास म्हणून विचारत होते. मग मान टाकली. रवी आणि गल्लीतली माणसं मिळून गाडीत घातलं. द्वारकेच्या गर्दीत अडकलो तेव्हा मी खाली उतरून लोकांच्या गाड्यांवर हात आपटत होते. लोकांना वाटलं असेल, बाई वेडी झाली.

डॉक्टरांनी पट्टी कापली. तुझी चकती दिसलीच नाही, तिथे नुसता चिखल होता. सिस्टर मागे सरली. नंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "गुडघ्याखालून काढावा लागेल. विष अंगभर चाललंय. आज नाही केलं तर उद्या मला विचारू नका."

आबा शुद्धीत नाहीत. सही नातेवाइकाने करायची. मी रवीकडे बघितलं. तो म्हणाला, "तुझे वडील आहेत मनीषा. मी काय बोलू?" वाईट नाही गं तो, खरंच काय बोलणार?

मी जिन्यात जाऊन बसले. मनात काय काय आलं सांगू? सही केली आणि गेले तर मी मारलं. नाही केली आणि गेले तर मी मारलं. सही केली आणि वाचले, तर शुद्धीवर येऊन मला विचारतील, कुणाला विचारून? रामकुंडावर बोट माझ्याकडे असेल. मी देवाला म्हटलं, कुणीतरी वरून जिना उतरून यावं आणि माझ्या हातातलं पेन काढून घ्यावं. एक बाई आली, चहाची किटली घेऊन. चहा हवा का म्हणाली.

केली सही. मनीषा रवी गांगुर्डे, नातं मुलगी. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की सिस्टरने दुसऱ्यांदा करायला लावली.

मग तिनेच विचारलं, "पाय घरी नेणार का, की आम्ही विल्हेवाट लावू?" अगदी साध्या आवाजात, डबा नेणार का विचारावं तसं. सायली, कुठे नेऊ? कशात नेऊ? रिक्षातून? तिला पुढच्या पेशंटकडे जायचं होतं, ती थांबली होती. मी म्हटलं, "तुम्हीच बघा."

एका क्षणात म्हणून गेले. तोंडातून निघाल्यावर कळलं, मी काय बोलले.

तुलाही असंच विचारलं असेल ना? त्या दिवशी आबा टोळी घेऊन तासगावकडे गेलेले, मी टायफॉइडने सासरी पडलेली. तू कॉलेजातली पोर. तुझ्याबरोबर जिन्यात कोण होतं गं? चहावाली तरी आली होती का?

दार उघडलं. बोलावतायत.


ओझर
८ ऑक्टोबर

सायली,

आबा जिवंत आहेत. हे तुला माहीत आहे, कारण परदेशातून परत येऊन माझी पत्रं वाचल्यावर तू डॉक्टरांना फोन केलास. मला नाही केलास. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या भगिनी फार बारकाईने विचारतात हो." मी म्हटलं, लहानपणापासूनची खोड आहे.

तर आता जे त्यांनी सांगितलं नसेल ते मी सांगते.

शुद्धीवर आल्यावर आबांनी पांघरूण चाचपलं. पहिला शब्द, "पाय कुठंय?" मी खरं सांगितलं. सही माझी, आणि पाय दवाखान्यातच राहिला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. ताट मी वाढते, पण रवीने दिलं तरच खातात. मी खोलीत गेले की डोळे मिटतात. काल भागीबाईला म्हणाले, "मला दोन पोरी व्हत्या. दोघींनी एकेक पाय कापला." मी दाराआड होते.

म्हणजे आता तुझी जागा मला मिळाली बघ. मला पंधरवडाही सोसवेना, रोज वाटतं कुठेतरी निघून जावं. तू सहा वर्षं कशी राहिलीस गं? मला माफ कर वगैरे मी म्हणत नाही, ते शब्द फार हलके वाटतात मला. पण त्या दिवशी रामकुंडावर मी तुझा हात धरायला हवा होता. नुसता हात.

आता महत्त्वाचं. टाके चांगले आहेत, पण एका कोपऱ्यात जखम भरत नव्हती. डॉक्टर तुझ्याशी बोलले, आधी सगळा मेलेला भाग साफ केला, लाल रक्त दिसेपर्यंत. मग तू पाठवलेली चकती त्यांनी स्वतः ठेवली आणि मला बजावलं, दोन दिवसांनी उघडायची म्हणजे उघडायची. दोन दिवसांनी मी सलाईन आणि कापूस घेऊन बसले, तर आबांनी पाय ओढून घेतला. भिंतीकडे बघत रवीला म्हणाले, "हिला सांग, हात लावायचा नाय. ज्याची पट्टी त्यानं सोडायची."

मी म्हटलं, "रवी, त्यांना सांग, ही डॉक्टरांनी बांधली आहे."

तर म्हणाले, "डॉक्टरची नाय ती. मला येडा समजता का? पयल्या दिवशीच वास घेतला मी. दगडी पाला हाय त्यात, तुमच्या मायच्या हाताचा वास. ह्यो दुसऱ्या कुनाला सुचनार नाय. धाकटीचीच पट्टी व्हती. म्हणून सोडू दिली नाय मी. म्हटलं, आज ना उद्या येईल, सोडून बघंल. तिला धीर कुठं हाय?"

रवीने माझ्याकडे बघितलं नाही.

हे तुला लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. तुला लागेल, मला माहीत आहे. तू काही केलेलं नाहीस, तुला तर मी कापडाखाली बोट झाकून फसवलं होतं. पण लपवून लपवून मी एक पाय घालवला आहे, आता काही लपवणार नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं, म्हातारा कलमाचा हट्ट धरून बसलाय. तो तुझी वाट बघत होता.

त्या दिवशी मी मात्र त्यांचं ऐकलं नाही. रवीने खांदे धरले आणि मी पट्टी सोडली. आबांनी मला अशा शिव्या दिल्या की भागीबाईने तिच्या घराचं दार लावून घेतलं. सायली, त्या मला दिल्या, भिंतीला नाही! पाय गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलले. मी रडत रडत जखम धुतली. कोपरा लाल होता, ओला, स्वच्छ. कडेला तांदळाच्या दाण्याएवढं नवीन गुलाबी आलं होतं. मी त्यांना आरसा धरून दाखवलं. शिव्या थांबल्या. आरसा स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, "धरलंय."

तेव्हापासून दर दोन दिवसांनी मी उघडते आणि शिव्या खाते. गुलाबी वाढतंय. डॉक्टर म्हणतात, दिवाळीच्या आसपास बुजेल. काल पट्टी बांधून होताना आबा पुन्हा म्हणाले, आता थेट मला, "रोजच्या तू सोड. शेवटची तुझी नाय."

शेवटची मी सोडणार नाही, सायली. ती सोडायला तू ये.

ताई